कोरड्या पठारावरून दमट किनाऱ्यावर राहायला जाताना घर, सामान आणि शरीर यांची तयारी

माळरान यांचा प्रश्न:

कोरड्या, उंचावरच्या भागातून समुद्रापासून साधारण अर्ध्या किलोमीटरवर राहायला जायचं आहे. घरात दोघं मोठी माणसं, एक शाळकरी मूल आणि सत्तरीतली आई. सामानात पुस्तकं भरपूर, लाकडी कपाटं आणि एक चांगला कॅमेरा. पाऊस मोठा असतो आणि पाऊस नसतानाही हवा दमटच असते. भाड्याचं घर अजून ठरलेलं नाही.

घर बघताना ओल कशी ओळखायची? हवेतला दमटपणा कमी करणारं यंत्र घ्यावं की एसी पुरेल? कपाटात डांबरगोळ्या आणि सिलिका जेलच्या पुड्या ठेवल्या की झालं, असं सांगणारे बरेच भेटतात, ते खरं का? विजेची उपकरणं, गंज आणि आईची तब्येत यांबद्दलही अनुभवी माणसांनी नेमकं सांगावं.

---

ओलावा_मापक:

काहीही विकत घेण्याआधी घरातलं पाणी येतं कुठून ते शोधा. मुख्य वाटा तीन: बाहेरून भिंतीतून किंवा छतातून झिरपणारं, जमिनीतून पायामार्गे वर चढणारं आणि हवेतल्या वाफेचं गार पृष्ठभागावर जमणारं. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. सगळ्यांना "ओल" म्हणून एकच रंग फासला की पैसे वाया जातात.

घर शक्यतो पावसाळ्यातच बघा. ते जमत नसेल तर खिडक्या रात्रभर बंद ठेवायला सांगा आणि सकाळी आत शिरल्याबरोबर वास घ्या. पाच मिनिटांत नाक सरावतं, मग कुबट वास कळत नाही. कपाटांच्या मागे, सिंकखाली, न्हाणीघराच्या दाराच्या चौकटीचा खालचा वीतभर भाग आणि खिडकीच्या खालचे कोपरे हाताने चाचपा. एकाच भिंतीवर मधेच ताजा रंग दिसला तर त्याचं कारण विचारा. जमिनीपासून कमरेच्या उंचीपर्यंत पोपडे आणि त्यावर भिंत कोरडी असेल तर पाणी खालून चढतंय. छताच्या कडेला किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून सुरू होऊन खाली पसरणारा डाग म्हणजे गळती. कोपऱ्यात किंवा कपाटामागे काळे ठिपके असतील आणि भिंतीला पोपडे नसतील तर बहुधा हवेतली वाफ जमते आहे.

शंका असेल तर साधी चाचणी करा. भिंतीचा भाग पुसून कोरडा करायचा, त्यावर हातभर लांबी-रुंदीचा जाड प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावायचा आणि २४ ते ४८ तास सोडायचा. पाणी प्लास्टिकच्या आतल्या, म्हणजे भिंतीकडच्या बाजूला आलं तर ते भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला आलं तर खोलीतल्या हवेतलं आहे. कडा नीट चिकटल्या नाहीत तर हवा आत शिरते आणि चाचणी फसते.

शेजाऱ्यांना "पाऊस कसा असतो?" असं विचारू नका, उत्तर "खूप" एवढंच मिळतं. असं विचारा: पावसाची झड घराच्या कोणत्या बाजूला लागते? सर्वांत मोठ्या पावसात पाणी कुठपर्यंत चढलं होतं, त्याची खूण दाखवाल का? वीज एकदा गेली की साधारण किती वेळ येत नाही? झड लागणाऱ्या बाजूला पुस्तकांची खोली ठेवायची नाही, एवढं या उत्तरांवरून लगेच ठरतं.

आता हवेचं. एक डिजिटल आर्द्रतामापक घ्या, पण त्याच्या आकड्यावर लगेच विश्वास ठेवू नका. बाटलीच्या झाकणात दोन चमचे मीठ घेऊन त्यात पाण्याचे थेंब टाकत ओल्या वाळूसारखं करा, मीठ विरघळू द्यायचं नाही. ते झाकण आणि मापक हवाबंद डब्यात १०-१२ तास ठेवा. आत ७५ टक्के दिसायला हवं. ७० दाखवलं तर पुढे नेहमी ५ मिळवायचे.

घरात ६० टक्क्यांच्या खाली राहायचा प्रयत्न ठेवा. भिंतीलगतची हवा बराच काळ ८० च्या वर राहिली की बुरशी धरते. खोलीच्या मध्यावर ७० असलं तरी गार भिंतीला टेकलेल्या कपाटामागे ८५ सहज असतं, म्हणून कपाट भिंतीपासून किमान ५ ते १० सेंटिमीटर पुढे आणि शक्यतो घराच्या आतल्या भिंतीलगत.

कोरड्या भागातल्या माणसांची सर्वांत मोठी अडचण खिडकीची होते. तिकडे खिडकी उघडली की खोली सुकते. दमट भागात उलटं होऊ शकतं. ते ठरवतो दवबिंदू, म्हणजे हवेतली वाफ ज्या तापमानाला पाणी होऊन जमू लागते ते तापमान. तो काढायची ढोबळ रीत: १०० मधून आर्द्रता वजा करा, त्याला ५ ने भागा आणि तो आकडा तापमानातून वजा करा. आर्द्रता ५० च्या वर असताना हे पुरेसं बरोबर येतं. बाहेर ३० अंश आणि ८० टक्के, म्हणजे दवबिंदू २६. आत २८ अंश आणि ७० टक्के, म्हणजे २२. अशा वेळी खिडकी उघडली तर वाफ आत येणार. तळमजल्याची फरशी २५ अंशांवर असेल तर ती पाझरल्यासारखी ओली होणार आणि लोक म्हणणार जमिनीतून पाणी येतंय. बाहेरचा दवबिंदू आतल्यापेक्षा कमी असेल तेव्हा खिडक्या उघडा, आणि मग समोरासमोरच्या उघडा. स्वयंपाक आणि अंघोळीची वाफ मात्र कुठल्याही हवेत बाहेर काढायलाच हवी. अंघोळीनंतर पंखा आणखी २०-३० मिनिटं चालू राहू द्या, दाराखाली दोनेक सेंटिमीटर फट असू द्या, नाहीतर पंखा नुसता फिरतो.

दमटपणा कमी करणाऱ्या यंत्राबद्दल: डब्यावर "दिवसाला अमुक लिटर" लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा ३० अंश आणि ८० टक्के हवेतलं माप असतं. खोली ६० टक्क्यांजवळ आली की तेच यंत्र निम्म्याच्या आसपास पाणी काढतं, म्हणून थोडं मोठं घ्या. खोली बंद ठेवूनच चालवायचं आणि ते खोली गरम करतं हे आधीच माहीत असू द्या. माणसं बसलेली असताना एसी बरा, माणसं नसताना आणि पुस्तकांच्या खोलीत हे यंत्र बरं. एसी खोलीच्या मानाने फार मोठा घेतला तर तो पटकन गार करून बंद पडतो आणि पाणी काढायला त्याला वेळच मिळत नाही. १८ वर ठेवूनही फायदा नाही. भिंती गार पडतात आणि दार उघडलं की त्यांवर पाणी जमतं. २५-२६ आणि पंखा मंद ठेवा.

---

घडी_आणि_पान:

डांबरगोळ्यांनी किडे दूर राहतात. ओलाव्यावर त्यांचा काही परिणाम नाही, त्या फक्त कुबट वास झाकतात आणि त्यामुळे बुरशी उशिरा लक्षात येते. मूल आणि वयस्कर माणूस घरात असताना त्यांची वाफ बंद खोलीत कोंडणं मला मुळीच पटत नाही.

सिलिका जेल चांगलं आहे, फक्त जागा चुकते. हिशेब करा: ६५ टक्के आर्द्रतेत सुती कापड स्वतःच्या वजनाच्या ७-८ टक्के पाणी धरून असतं. कपाटात २० किलो कपडे असतील तर त्यात दीड लिटर पाणी आहे, आणि हवा आणखी दमट झाली की ते वाढत जातं. ५ ग्रॅमच्या चार पुड्या तिथे काय करणार? दारांच्या फटींतून हवा येत राहते ती वेगळीच. सिलिका जेल हवाबंद डब्यातच वापरा. कॅल्शियम क्लोराइडचे डबे जास्त पाणी खेचतात, पण तळाशी जमणारं खारं पाणी चामडं आणि धातू खातं, म्हणून डबा कपड्यांच्या खाली आणि सांडणार नाही असा ठेवायचा.

कपाटासाठी खरा उपाय थोड्या उबेचा. २८ अंशांची ८५ टक्के दमट हवा ३२ अंशांवर नेली की तीच हवा ६७-६८ टक्क्यांवर येते, पाणी न काढताही. त्यासाठी कपाटात बसवायची कमी वॅटची गरम नळी मिळते. साधा पिवळा बल्ब लावू नका, कापड टेकलं तर जळतं. नळी तळाशी, वर जाळी आणि कपडे त्यापासून लांब. कपाटाच्या मागच्या फळीला वर-खाली दोन-चार भोकं पाडली तर हवा खेळते.

कपडे वाळवताना: ५ किलोचे कपडे मशीनमधून पिळून निघाले तरी त्यांत दोन-अडीच लिटर पाणी उरलेलं असतं. ते झोपायच्या खोलीत वाळत घातले तर तेवढं पाणी त्या खोलीच्या भिंतींना. एकच लहान खोली वाळवणीची ठरवा, दार बंद, पंखा आणि यंत्र चालू, दोन कपड्यांमध्ये चार बोटं अंतर. मशीनमध्ये एकदा जास्तीचं पिळणं हे दमटपणा काढणारं यंत्र तासभर चालवण्यापेक्षा स्वस्त पडतं. इस्त्रीचे गरम कपडे लगेच घडी करून रचू नका, गार होऊ द्या. खिसे, कमरपट्टी आणि बगलेची शिवण सुकली की कपडा सुकला असं धरा.

पुस्तकं: शेल्फ भिंतीपासून पुढे, मागे फळी नसेल तर उत्तम. पुस्तकं ठासून भरायची नाहीत आणि मागच्या बाजूला दोन बोटं जागा सोडायची. ४५ ते ५५ टक्के आर्द्रता त्यांना मानवते. हलवताना खोके तिथे पोचल्यावर महिनाभर न उघडता जमिनीवर ठेवले तर सर्वांत खालचं खोकं हमखास बुरसटतं, पुठ्ठा फरशीची ओल शोषतो. आधी लाकडी पट्ट्या टाका, मग खोके. महत्त्वाची कागदपत्रं कोरड्या भागात असतानाच, कोरड्या दिवशी हवाबंद पिशवीत भरा. तिथली कोरडी हवा हीच तुमची फुकटची तयारी.

कॅमेरा: चामड्याच्या पिशवीतून आधी बाहेर काढा, चामडं म्हणजे बुरशीचं घर. १०-१२ लिटरचा रबरी कडेचा हवाबंद डबा, आत १०० ग्रॅम सिलिका जेल आणि छोटा मापक. ४० ते ५० टक्के ठेवा. ३० च्या खाली जाऊ देऊ नका, रबर आणि वंगणाला ते चांगलं नाही. निळं जेल गुलाबी झालं किंवा नारिंगी जेल हिरवं झालं की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरता येतं. निळ्यात कोबाल्टचं क्षार असतं आणि ते विषारी आहे, घरात मूल आहे म्हणून नारिंगी घ्या आणि खाण्याच्या भांड्यात तापवू नका. एसीच्या खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढायचा असेल तर आधी बंद पिशवीत घाला आणि बाहेरच्या हवेत अर्धा तास तसाच राहू द्या. पाणी पिशवीवर जमेल, भिंगावर नाही.

---

खारा_वारा:

अर्ध्या किलोमीटरवर लाटांचे तुषार थेट येत नसले तरी खारं वारं येतं, विशेषतः मधे झाडी किंवा इमारती नसतील तर. खाऱ्या हवेची एक गोष्ट नवख्या माणसाला उलटी वाटते: पावसात भिजणारं लोखंड जितकं गंजतं त्याहून वळचणीखालचं, पाऊस न लागणारं लोखंड जास्त गंजू शकतं. पाऊस मीठ धुऊन नेतो, आडोशाला ते साचत राहतं. साधं मीठ हवेची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की पाणी धरतं. समुद्राच्या मिठातलं मॅग्नेशियम क्लोराइड तर ३३ टक्क्यांपासूनच. म्हणजे असा पृष्ठभाग डोळ्यांना कोरडा दिसला तरी ओला असतो. म्हणून बिजागऱ्या, खिडकीच्या पन्हळी, सायकल, दाराची जाळी, एसीचं बाहेरचं युनिट यांना महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने धुवा. एसीचा मुख्य स्विच बंद करून, पाण्याची धार मंद ठेवून, पात्यांच्या दिशेने. जोराच्या फवाऱ्याने पाती वाकतात. एसी नवा घेणार असाल तर पात्यांवर गंजरोधक थर आहे का ते विचारा.

बाहेर लावायचे स्क्रू आणि कड्या ३१६ प्रतीच्या स्टेनलेसच्या घ्या. ३०४ वर तपकिरी डाग पडतात. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीला साधा लोखंडी स्क्रू लावला तर दोन धातू आणि खारं पाणी मिळून सांधा खराब होतो, मधे नायलॉनचं वायसर टाका.

विजेचं: पावसाच्या दिवसांत गळती-रक्षक स्विच, म्हणजे ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी, वारंवार पडणं ही तिकडची नेहमीची तक्रार आहे. "खराब स्विच आहे" म्हणून तो काढून टाकणारे वायरमन भेटतात. त्यांना तसं करू देऊ नका, तो तुमचा जीव राखायला आहे. दोष शोधायचा असा: सगळे एमसीबी, म्हणजे घरातल्या प्रत्येक ओळीचे वेगवेगळे छोटे स्विच, खाली करा, आरसीसीबी वर करा. तेव्हाच पडला तर दोष मुख्य पेटीत किंवा तिथल्या वायरिंगमध्ये. नाही पडला तर एमसीबी एकेक करून वर करा. ज्याला पडेल त्या ओळीवरची सगळी उपकरणं भिंतीतून काढून पुन्हा करा. तरी पडत असेल तर बाहेरचा दिवा, गच्चीवरची पेटी किंवा पंपाचा जोड भिजलाय. उपकरण काढल्यावर थांबलं तर बहुधा गीझरची तापणारी कांडी. एमसीबी बंद केल्यावरही न्यूट्रल जोडलेलाच राहतो, त्यामुळे न्यूट्रल आणि अर्थिंग चिकटले असतील तर ही रीत गोंधळवते, तेव्हा मीटर असलेल्या वायरमनलाच बोलवा. आरसीसीबीवरचं चाचणीचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. पडला नाही तर तो बदलायचा.

प्लग तापत असेल तर पितळेवर हिरवट थर चढून पकड सैल झाली आहे. पॉलिश कागदाने घासून उपयोग नाही, सॉकेट बदला.

---

सागवानी:

लाकडाबद्दल थोडक्यात. पहिल्याच पावसाळ्यात कपाटाची दारं आणि खण अडकतील. लगेच रंधा मारू नका. लाकूड रेषेच्या आडव्या दिशेने फुगतं आणि कोरड्या दिवसांत पुन्हा आखडतं, तेव्हा ताशीव दारात बोटभर फट दिसेल. तोवर घासणाऱ्या कडेला मेणबत्ती फिरवा. हलवण्याआधीच दारांच्या वरच्या आणि खालच्या कडा पॉलिश करून बंद करा. बहुतेक सुतार त्या कोऱ्या सोडतात आणि पाणी तिथूनच सर्वांत लवकर शिरतं. भुशाच्या दाबीव फळीचं स्वस्त कपाट मात्र नेऊच नका. पाय ओले झाले की ते फुगतं ते फुगतंच.

---

थंड_घागर:

घरापेक्षा मला सत्तरीतल्या आईंची काळजी आधी वाटते. घाम वाहून शरीर गार होत नाही, घाम उडून गेला तर होतं. दमट हवेत तो उडत नाही, म्हणून ३२ अंशांतही कोरड्या भागातल्या ४० पेक्षा जास्त कोंडल्यासारखं होतं. शरीर सरावायला एक ते दोन आठवडे लागतात. उन्हातल्या नव्या कामगारांसाठीचा दंडक चांगला आहे: पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्के, मग रोज २० टक्क्यांहून जास्त वाढ नाही. सामान लावण्याचं कामही तसंच वाटून घ्या. एकाच दिवशी घर लावून संपवायचं नाही. पुढे दोन-तीन आठवडे कोरड्या गावी राहून परत आलात तर सराव बराचसा मोडलेला असतो.

वयाबरोबर तहान कमी जाणवते. आईंना "पाणी हवं का?" विचारण्याऐवजी ठरलेल्या वेळी पेला हातात द्या. रक्तदाबाच्या किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील, हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर पाणी आणि मीठ किती हे निघण्याआधीच डॉक्टरांना विचारा, गोळीचं प्रमाण बदलावं लागू शकतं. पंखा छताचा असला तरी बसल्या जागी अंगावर वारा येईल असा असावा. बोलणं असंबद्ध झालं, चालताना तोल जाऊ लागला, अंग तापलं, तर घाम येत असला तरी तो उष्माघात समजा: अंगावर पाणी ओता, वारा घाला, रुग्णवाहिका बोलवा. गार करणं वाहन येईपर्यंत थांबवायचं नाही.

मुलाला घामोळं येईल. सैल सुती कपडे, गार पाण्याची अंघोळ, कॅलामाइन. तेल आणि दाट मलमं नकोत, त्यांनी घामाची भोकं आणखी बुजतात. जांघेत किंवा काखेत गोल, कडेने लाल, खाजरा चट्टा आला तर ते बहुधा गजकर्ण. दुकानातून विचारून आणलेल्या मलमात अनेकदा स्टेरॉइड असतं. दोन दिवसांत खाज थांबते, खालून बुरशी पसरत राहते आणि मग चट्टा ओळखूही येत नाही. त्वचेच्या डॉक्टरांकडूनच औषध घ्या आणि चट्टा गेला तरी सांगितलेले दिवस पूर्ण करा. शाळेच्या बुटांचे दोन जोड ठेवा, एक दिवसाआड. बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसायची सवय लावा.

आठवड्यातून एक ठरलेला वार पाण्याचा: कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजमागचा ट्रे, कूलर, टाकीचं झाकण. डेंग्यूच्या डासाची अंडी ते डास ही वाटचाल ७ ते १० दिवसांत होते. नुसतं पाणी ओतून भागत नाही, कडा घासा, कारण चिकटलेली अंडी कोरडी पडूनही महिनोन्‌महिने टिकतात.

---

माळरान:

एक घर बघून आलो. आतल्या एका भिंतीवर गुडघ्यापर्यंत पांढरं, कापसासारखं काहीतरी आहे. मालक म्हणतात बुरशी आहे, ब्लीच मारून वॉटरप्रूफ रंग देतो. चालेल का?

---

ओलावा_मापक:

आधी ती बुरशी आहे का बघा. थोडं खरवडून बशीत घ्या आणि पाण्याचा थेंब टाका. विरघळलं तर तो लोणा आहे, म्हणजे भिंतीतून वर आलेले क्षार. बुरशी विरघळत नाही. गुडघ्यापर्यंतच असेल तर लोण्याचीच शक्यता जास्त.

लोण्यावर ब्लीचचा उपयोग शून्य. आतून वॉटरप्रूफ रंग दिला तर पाणी थांबत नाही, रंगामागे क्षार साचून फुगे येतात आणि ओल त्या थराच्या वर चढते. काही महिन्यांत कमरेएवढ्या उंचीवर पोपडे दिसतील. बाहेरून बघा: अंगणाची माती किंवा फरशी आतल्या जमिनीपेक्षा उंच आहे का, पागोळ्यांचं पाणी भिंतीच्या पायथ्याशी पडतं का, पायाजवळ नळ गळतोय का. ही तिन्ही कारणं मालकाला कमी खर्चात दूर करता येतात. त्यानंतर लोणा कोरड्या ब्रशने झाडायचा, पाण्याने धुवायचा नाही, आणि भिंत सुकल्यावर चुन्यासारखा श्वास घेणारा रंग. घराच्या पायात खालून चढणारी ओल अडवणारी पट्टीच नसेल तर काम मोठं आहे, भाडेकरूने त्यात पडू नये.

खरी बुरशी निघाली तरी सगळीकडे ब्लीच नको. टाइल, काच, प्लास्टिकवर एक भाग ब्लीच आणि दहा भाग पाणी चालतं. गिलाव्यात आणि लाकडात ते वरवर रंग घालवतं, मुळं आत राहतात. साबणाच्या पाण्याने पुसणं, पूर्ण सुकवणं आणि खराब गिलावा काढणं हाच उपाय. ब्लीच शौचालयाच्या अ‍ॅसिडमध्ये किंवा अमोनियाच्या क्लीनरमध्ये कधीही मिसळू नका, विषारी वायू निघतो. कोरडी बुरशी झाडूने झाडू नका, आधी ओली करा, एन-९५ मास्क लावा आणि आईंना त्या वेळी दुसऱ्या खोलीत बसवा.

घर बाकी चांगलं असेल तर सोडू नका. करारात ती भिंत फोटोसह नोंदवा, पागोळ्यांची पन्हळ राहायला येण्याआधी बसवून घ्या आणि त्या भिंतीला काहीही टेकवून ठेवू नका, पुस्तकं तर नाहीच.